कुणाच्या मानाने?

शेफील्डमधल्या एका माध्यमिक शाळेत मी टीचिंग असिस्टंट म्हणून लागले, तेव्हा माझ्याकडे सोपवलेल्या मुलांची एक यादी मिळाली. प्रत्येक नावापुढे वर्गशिक्षकांनी एकेक ओळ लिहिली होती आणि बहुतेक ओळी सारख्याच होत्या: इंग्रजी कच्चं, हजेरी अनियमित, आत्मविश्वास कमी. पहिल्या दोन तक्रारी खऱ्या होत्या. तिसरी मला पटली नाही, आणि या कामात वर्षं गेल्यावर तर ती लिहिणाऱ्यांशी मी उघड वाद घालू लागले.

मुलं रोमा होती. युरोपभर विखुरलेला हा समाज हजारेक वर्षांपूर्वी भारतातून निघाला, हे भाषाशास्त्राने आणि अलीकडे जनुकशास्त्रानेही दाखवून दिलं आहे. माझ्या यादीतली कुटुंबं पूर्व स्लोव्हाकियातली, त्यातली बरीचशी बिस्त्रानी नावाच्या एकाच गावातली. 1 मे 2004 रोजी स्लोव्हाकिया युरोपीय संघात आला आणि ब्रिटनने तिथल्या लोकांना लगेच कामाची मुभा दिली. आधी एक कुटुंब आलं, मागून भाऊ आला, मेहुणा आला, मग मेहुण्याचे शेजारी आले. कोकणातल्या एका गावची माणसं गिरणगावातल्या एकाच चाळीत जमायची, तसाच प्रकार. कामं रात्रपाळीची: गोदामात, मांसाच्या कारखान्यात, पॅकिंगच्या पट्ट्यावर.

माझं बालपण सोलापूरचं. तिथे ‘सेटलमेंट’ म्हटलं की पुढे पत्ता सांगावा लागत नाही. 1871पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्यांखाली पारधी, कैकाडी, भामटे अशा जमातींना इंग्रजांनी तारेच्या कुंपणात कोंडलं होतं. 1952 साली कायदा रद्द झाला, पण वर्गात कुणाची पेन्सिल हरवली की मास्तरांची नजर आधी कुणाकडे जाते, हे आम्हा सगळ्या पोरांना ठाऊक असायचं. ज्यांच्याकडे ती जायची ती मुलं एका खास तऱ्हेने गप्प बसत. शेफील्डच्या वर्गात मागच्या बाकांवरची ती गप्प बसण्याची तऱ्हा मी लगेच ओळखली.

साम्य मात्र फार ताणू नये. इंग्रज सहकाऱ्यांना वाटायचं की रोमा म्हणजे भटके, रंगीत गाड्यांतून हिंडणारे. स्लोव्हाकियातले बहुतेक रोमा कित्येक पिढ्यांपासून एका जागी राहणारे आहेत. जे थोडे फिरते उरले होते त्यांनाही 1958च्या चेकोस्लोव्हाक कायद्याने सक्तीने बसवलं. घोडे काढून घेतले, गाड्यांची चाकं काढली. इंग्लंडात जून हा जिप्सी, रोमा आणि ट्रॅव्हलर समाजांच्या इतिहासाचा महिना मानतात. त्या निमित्ताने आमच्या शाळेने व्हरांड्यात मोठं चित्र लावलं: हिरवं कुरण, नक्षीदार घोडागाडी, शेकोटीजवळ बसलेली बाई. उद्देश चांगलाच होता. आमच्या मुली त्यासमोर थांबल्या, चित्र निरखून पाहिलं आणि एकीने मला विचारलं, “मिस, हे आयरिश लोक आहेत का?” खाली स्वतःच्या समाजाचं नाव लिहिलंय हे वाचल्यावर ती इतकी हसली की तिला भिंतीला टेकावं लागलं. तिचे आजोबा वीटभट्टीवर कामाला होते, वडील वेल्डर. घोड्यावर बसलेलं तिच्या घरात कुणी नव्हतं.

आता त्या मागच्या बाकांबद्दल. तेरा वर्षांचा एक मुलगा होता. वर्गात नाव घेतलं की मान खाली. शिक्षकाने थेट प्रश्न विचारला तर खांदे उडवायचे, एवढंच उत्तर. पालकसभेच्या संध्याकाळी फोनवरचा दुभाषी मिळेना, तेव्हा विज्ञानाच्या शिक्षकांचं बोलणं आईला सांगायचं काम त्याच्यावरच आलं. तक्रार त्याच्याविरुद्धच होती: गृहपाठ करत नाही. तो काय सांगेल याची मला उत्सुकता होती. मला त्यांची भाषा येत नव्हती, पण आईच्या चेहऱ्यावरून कळत होतं की एक शब्द गाळलेला नाही. मग आईने काही विचारलं आणि तो शिक्षकांकडे वळून म्हणाला, “ती म्हणते, कुठल्या दिवशी कुठला गृहपाठ आहे ते एका कागदावर आकड्यांत लिहून द्या, म्हणजे तिला बघता येईल.” स्वतःवर पाळत ठेवायची सोय तो स्वतःच मागत होता, आणि तेही किती नेमकं. आईला वाचता येत नव्हतं, आकडे येत होते.

नंतर समजलं की घरमालकाशी बॉयलरवरून होणारी भांडणं, कौन्सिलची पत्रं, आजीच्या मधुमेहाच्या तपासण्या हे सगळं तोच निभावत असे. आजीला इन्सुलिनची मात्रा त्याने समजावून दिली होती. रोमानी, स्लोव्हाक आणि इंग्रजी अशा तीन भाषांत हा मुलगा संसार चालवत होता, आणि त्या सत्रात त्याच्या प्रगतिपत्रकात तोंडी व्यवहाराच्या रकान्यात ‘अपेक्षेपेक्षा खाली’ असं छापून आलं. त्याला मी ते दाखवलं. तो वैतागला नाही. “तिकडे बोललो तर काम होतं,” तो म्हणाला, “इथे बोललो तर माझी चूक सापडते.”

नंतर कधीतरी एका विद्यापीठातून संशोधक आले. मुलांना स्वतःविषयी काय वाटतं, शाळेविषयी काय वाटतं, हे मोजायची प्रश्नावली घेऊन. अशा प्रश्नावल्यांचा पाया जुना आहे. मॉरिस रोझेनबर्गने 1965 साली दहा विधानांची स्वाभिमानाची मोजपट्टी प्रसिद्ध केली, ती आजही जगभर वापरतात. पुढे सुझन हार्टर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी मुलांसाठी वेगळी मोजणी केली. अभ्यास, मित्रमंडळी, खेळ, दिसणं, वागणूक यांचे गुण निराळे आणि एकूण स्वतःविषयीचं मत निराळं. मूल अभ्यासात स्वतःला कच्चं मानत असेल आणि तरीही माणूस म्हणून स्वतःवर खूश असेल, ही शक्यता या मोजणीत गृहीत धरलेली आहे. शाळेच्या नोंदवह्यांत ती नव्हती.

मुलांना विधानं वाचून दाखवायचं काम माझं. ‘माझ्या घरच्यांना मी आवडतो’ याला सगळ्यांनी झटक्यात वरच्या टोकाची खूण केली; हा काय प्रश्न झाला, अशा चेहऱ्याने. ‘मला मित्र आहेत’, ‘मी दिसायला चांगली आहे’ यालाही खुणा वरच्याच. एका मुलीने तर चौकटीबाहेर आणखी एक चौकट काढून त्यात खूण केली. मग आलं, ‘मी अभ्यासात हुशार आहे.’ पेन्सिली थांबल्या. गेल्याच वर्षी स्लोव्हाकियातून आलेल्या एका मुलाने हात वर केला आणि विचारलं, “कुणाच्या मानाने?”

संशोधक बाई म्हणाल्या, वर्गातल्या इतरांच्या मानाने. तो म्हणाला, “कुठल्या वर्गातल्या? तिथे मी पहिला होतो.”

तिथे म्हणजे विशेष शाळेत. मतिमंद मुलांसाठी म्हणून काढलेल्या शाळेत तो पाच वर्षं होता आणि वर्गात त्याच्याशेजारी त्याची चुलतभावंडं, मामेभावंडं, गल्लीतली मुलं होती.

हा सगळा प्रकार समजून घेतल्याशिवाय या मुलांच्या शाळेविषयीच्या वृत्तीबद्दल बोलणंच व्यर्थ आहे. चेकोस्लोव्हाकियाच्या काळापासून, आणि 1993 साली देश विभागल्यावर दोन्हीकडे, रोमा मुलांना सहाव्या-सातव्या वर्षी चाचणी घेऊन सर्रास विशेष शाळेत धाडत. चाचणी चेक किंवा स्लोव्हाक भाषेत, मूल घरात रोमानी बोलणारं. चित्रांत दाखवलेल्या वस्तू कधी पाहिलेल्या नाहीत. आईवडिलांच्या सह्या घेतल्या जात. कशावर सही केली ते त्यांना कळलेलं असेच असं नाही. शेजारच्या चेक प्रजासत्ताकातल्या ओस्त्रावा शहरातली अठरा रोमा मुलं याविरुद्ध स्ट्रासबुर्गच्या मानवी हक्क न्यायालयापर्यंत गेली. तिथे मांडलेल्या आकड्यांनुसार ओस्त्रावात रोमा मूल विशेष शाळेत जाण्याची शक्यता इतर मुलांच्या सत्तावीस पट होती. 13 नोव्हेंबर 2007 रोजी न्यायालयाने हा भेदभाव असल्याचा निकाल दिला. तोवर त्या मुलांचं शाळेचं वय संपलेलं होतं किंवा संपत आलं होतं. निकालानंतरही ही प्रथा एका फटक्यात थांबली नाही. शाळांची नावं बदलली, पोरं पुष्कळ ठिकाणी तीच राहिली.

अशाच शाळांतून इंग्लंडात आलेल्या मुलांची एक पाहणी 2011 साली प्रसिद्ध झाली. तीच मुलं इकडे साध्या वर्गात, साध्या पुस्तकांवर, इतरांच्या किंचितच मागे शिकत होती. आमच्या शाळेत मी ती पाहणी छापून शिक्षकांच्या खोलीत ठेवली. दोघांनी वाचली. त्यातल्या एकाने समासात प्रश्नचिन्हं काढली, म्हणजे निदान लक्षपूर्वक वाचली.

‘कुणाच्या मानाने’ विचारणाऱ्या मुलाचे वडील एकदा शाळेत आले. रात्रपाळीवरून थेट, डोळे लाल. इथे गणितासाठी मुलांचे क्षमतेप्रमाणे सेट पाडतात आणि याला सर्वांत खालचा सेट मिळाला होता. गणिताच्या शिक्षिका फार सौम्यपणे समजावत होत्या की तिथे मुलं कमी असतात, जास्त लक्ष देता येतं, त्याच्या भल्यासाठीच आहे. वडिलांनी दुभाष्याला मधेच थांबवलं. मोडक्या इंग्रजीत त्यांनी स्वतःच विचारलं: “त्या वर्गात रोमा किती?” बाईंना प्रश्न कळला नाही, किंवा कळला आणि उत्तर द्यायचं नव्हतं. वर्गात पंधरा मुलं होती, त्यातली अकरा रोमा. वडिलांनी मग सांगितलं की त्यांनाही सहाव्या वर्षी असंच भल्यासाठी म्हणून पाठवलं होतं. आठ वर्षं तिथे काढली. भागाकार ते इंग्लंडात गोदामात काम करताना शिकले.

त्या खोलीत कुणी वाईट नव्हतं. गणिताच्या बाई तर शाळेतल्या सर्वांत कष्टाळू शिक्षकांपैकी. पण पालकांना शिक्षणाची आस्था नाही असं जे सतत म्हटलं जायचं, त्याचा अर्थ मला त्या दिवसापासून निराळा लागू लागला. शाळा म्हणजे काय हे या माणसाला शाळेनेच शिकवलं होतं. घरातल्या अनुभवी माणसाने तिच्यापासून सावध राहायला सांगणं आणि मुलाने ते ऐकणं, यात मला तरी अडाणीपणा दिसत नाही.

सावधपणाची दुसरी जागा म्हणजे प्रवेशाचा फॉर्म. त्यात वांशिक गटाचा रकाना असतो आणि इंग्लंडच्या शाळांत 2003पासून ‘जिप्सी/रोमा’ हा एक पर्याय आहे. कितीतरी आया ‘इतर गोरे’ या चौकटीत खूण करायच्या. रंगाने माझ्याहून सावळ्या बायका. मुख्याध्यापकांना ते गमतीचं वाटायचं, शिवाय रोमा मुलांची नोंद झाली तर शाळेला मदतीची मागणी करता येते, म्हणून त्यांचा आग्रह असे. आयांचा हिशेब वेगळा होता. त्यांच्या समाजाच्या याद्या कुणी केल्या आणि कशासाठी, हे त्यांच्या घरात सांगितलं जातं. 1927च्या चेकोस्लोव्हाक कायद्याने ‘भटक्या जिप्सीं’ना बोटांचे ठसे असलेली वेगळी ओळखपत्रं घ्यायला लावली. नाझींनी नोंदी करून माणसं उचलली. 2 ऑगस्ट 1944च्या रात्री आउश्वित्झ-बिर्केनाऊमधल्या जिप्सी छावणीतली उरलेली चार हजारांवर माणसं, बायकामुलं-म्हातारे, गॅसने मारली. आणि जुन्या गोष्टी म्हणून सोडून द्याव्यात, तर 2013 साली स्वीडनसारख्या देशात पोलिसांनी हजारो रोमांची, त्यात लहान मुलांचीही, गुपचूप नोंदवही ठेवल्याचं उघडकीला आलं. त्याच वर्षी शेफील्डमध्ये एका माजी गृहमंत्र्यांनी रोमांच्या वस्तीत दंगली होतील असा इशारा दिला आणि आमच्या मुलांच्या गल्लीत टीव्हीचे कॅमेरे येऊन थांबले. दुसऱ्या दिवशी हजेरी निम्म्यावर.

रंगाचा उल्लेख आलाच आहे तर सांगते. मला पहिल्याच आठवड्यात एका मुलीने विचारलं होतं, “मिस, तुम्ही आमच्यातल्या?” मी भारतातली म्हटल्यावर ती थोडी हिरमुसली, मग म्हणाली, “चालेल.” रोमांच्या झेंड्यावर मधोमध लाल चाक असतं, ते अशोकचक्राची आठवण म्हणून, हे काही मुलांना माहीत होतं. मी एकदा नकाशावर भारत दाखवून या स्थलांतराची गोष्ट सांगितली. दोनतीन मुलांनी ताठ बसून ऐकली, एकाने शाहरुख खानची चौकशी केली, बाकीच्यांना काडीचं सोयरसुतक नव्हतं. “मी बिस्त्रानीची,” एक मुलगी म्हणाली, विषय संपवत. भारतीय मंडळींना रोमांविषयी जो उमाळा येतो, त्याचं मुलांना काय करायचं हा प्रश्नच आहे.

सगळं खापर शाळेवर फोडून मी मोकळी होणार नाही. पंधराव्या वर्षी साखरपुडा ठरून शाळा सुटलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. चित्रकलेत फार पुढची असलेली एक मुलगी नवव्या इयत्तेनंतर दिसेनाशी झाली. घरी गेले तर कडेवर बहिणीचं बाळ, मागे दोन भाचरं, आईची रात्रपाळी. गावी कुणी वारलं की अख्खं कुटुंब गाडी करून स्लोव्हाकियाला जायचं आणि दोनतीन आठवडे परतायचं नाही. गैरहजेरीचा दंड तेव्हा माणशी साठ पौंड. तो भरायचे, पण मयताला जायचेच. त्या मुलीला मी विचारलं, शाळा आठवते का. म्हणाली, चित्रकलेचा तास आठवतो. माझ्या सांगण्याने ती परत आली नाही. तिच्या आईशी मी भांडलेही, आणि त्या भांडणात माझी बाजू बरोबर होती असं मी अजूनही मानते. पंधरा वर्षांच्या मुलीने घर सांभाळणं याला संस्कृती म्हणून कौतुकाने बघणाऱ्या समाजसेवकांचा मला राग येतो. घरात जबाबदार म्हणून मिळणारा मान हाच तिला शाळेपासून तोडत होता, ही यातली अडचण आहे, आणि ‘आत्मविश्वास वाढवा’ छापाच्या शिबिरांकडे या अडचणीवर उपाय नाही.

अशी शिबिरं आम्हीही घेतली. मुलं गोलात बसून स्वतःविषयी तीन चांगल्या गोष्टी सांगायची. मजा यायची, पिझ्झा मिळायचा. हजेरीत फरक शून्य.

फरक पडला तो एका नेमणुकीने. शाळेने एक स्लोव्हाक रोमा तरुण मदतनीस म्हणून घेतला. पंचविशीतला, मोठ्या आवाजाचा, गळ्यात शाळेचं ओळखपत्र. मुलं खूश होतील अशी आमची कल्पना. पहिला महिना मुलं चांगलीच वैतागलेली होती. आतापर्यंत घरी काय सांगायचं आणि शाळेत काय, हे त्यांच्या हातात होतं. आता हा माणूस संध्याकाळी दुकानात त्यांच्या आईला भेटायचा. गणिताचा तास बुडवून मैदानात बसलेल्या पोरांना तो व्हरांड्याच्या टोकावरून रोमानीत हाक मारायचा आणि ती हाक काय होती ते मला कधी कुणी भाषांतर करून सांगितलं नाही. पण फॉर्मपाशी तो बसला की आया त्याला विचारायच्या, खूण करू का? तो कधीच हो किंवा नाही म्हणत नसे. मी केली आहे, एवढंच सांगे. त्या वर्षापासून रकान्यातले आकडे हळूहळू खरे होत गेले.

त्याने आणखी एक केलं. खालच्या सेटमधल्या मुलांना त्याने स्वतःची शाळेची कागदपत्रं दाखवली. तोही विशेष शाळेतला. तिथला शेवटच्या वर्षाचा दाखला आणि इंग्लंडात काढलेलं गणिताचं प्रमाणपत्र त्याने शेजारी-शेजारी ठेवलं. भाषण वगैरे दिलं नाही. मुलं दोन्हींवरच्या तारखा मोजत बसली. ‘कुणाच्या मानाने’वाला त्यांत होता. तो पुढे मधल्या सेटमध्ये गेला आणि सोळाव्या वर्षी जीसीएसईच्या गणितात त्याला तीन मिळाले. पास व्हायला चार लागतात. आता प्लंबिंगचा कोर्स करतो आहे आणि नियमाप्रमाणे त्याबरोबर गणिताचा तासही. तो तास त्याला आवडत नाही, तरी जातो.

सध्या माझा शाळेशी चाललेला वाद अगदी रूक्ष आहे. बाहेरून नवीन आलेल्या मुलाची सेट ठरवण्याची चाचणी पहिल्याच आठवड्यात घेतात, इंग्रजीत. माझं म्हणणं, गणिताची सहा आठवड्यांनी घ्या, आकडेमोड वेगळी आणि शाब्दिक उदाहरणं वेगळी, आणि तोवर मूल मधल्या सेटमध्ये बसू द्या. वेळापत्रक बसत नाही, हे उत्तर मला चार मुख्याध्यापकांच्या कारकिर्दीत मिळालं. गेल्या सप्टेंबरात गणित विभागाने प्रयोग म्हणून मान्य केलं. त्या मुलांतली काही नंतरच्या चाचणीत खालीच गेली, काही मधल्या सेटमध्ये टिकली, एक मुलगी वरच्या सेटमध्ये आहे. पुढच्या वर्षासाठी विभागप्रमुखांनी अजून हो म्हटलेलं नाही. सोमवारी बैठक आहे आणि त्या मुलीचे वडील येणार आहेत.